पंधरा पाचे पंच्याहत्तर जीबी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. कोल्हापुरात इंटिरियरचं तीन माणसांचं ऑफिस. तुम्ही, हिशोब बघणाऱ्या वहिनी आणि ड्रॉइंग करणारा एक मुलगा. एक जीमेल भरलं की दुसरं उघडलं, असं करत पाच खाती झाली. लॅपटॉपबरोबर आलेला वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, वेगळा आणि मुंबईच्या एका कॉन्ट्रॅक्टरच्या आग्रहामुळे घेतलेला ड्रॉपबॉक्स वेगळा. काही एस्टिमेट्स एक्सेलमध्ये, काही गूगल शीट्समध्ये. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने जुनं एस्टिमेट मागितलं तर तीन ठिकाणी तीन आकडे निघाले. म्हणून तुम्हाला सगळी खाती एकाच खिडकीत दाखवणारं सॉफ्टवेअर हवंय, शक्यतो फुकट.

अशी सॉफ्टवेअरं आहेत. पण ती लावल्यावर फरक एवढाच पडेल की ते तीन आकडे तुम्हाला शेजारी शेजारी दिसतील. त्यातला खरा कोणता, हे कुठलीच खिडकी सांगणार नाही. पुण्यात गेली अठरा वर्षं मी छोट्या ऑफिसांची हीच कामं करतोय. सीए, दवाखाने, आर्किटेक्ट, दोन शाळा. जिथे जिथे ‘खाती फार झाली’ अशी तक्रार आली, तिथे खाली खणल्यावर एकच गोष्ट सापडली: कुठली फाइल कोणाच्या मालकीची आणि तिचं घर कुठलं, हे कोणी ठरवलेलंच नव्हतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमचा एकूण डेटा किती, एक्सेलमध्ये मॅक्रो (ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या आज्ञा) वापरता का आणि ऑफिसातली माणसं वरचेवर बदलतात का, या तिन्हींची उत्तरं तुम्ही दिलेली नाहीत. मी धरून चालतो की साठ-सत्तर जीबी डेटा आहे आणि त्यातले बरेचसे साइटचे फोटो आहेत. तसं नसेल तर पुढचा सल्ला थोडा बदलेल, पण मुळातून नाही.

आता ते पाच खात्यांचं गणित. शाळेत पंधरा पाचे पंच्याहत्तर. इथे तसं होत नाही. गूगल देतं ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. १ जून २०२१च्या आधी ‘हाय क्वालिटी’त ठेवलेले फोटो आणि डॉक्स-शीट्सच्या फाइली या हिशोबात धरत नव्हते. त्या तारखेपासून नवं ते सगळं मोजलं जातं. म्हणून ‘मी तर ड्राइव्हवर काहीच टाकलं नाही, मग भरलं कसं’ असं लोक विचारतात तेव्हा मी आधी त्यांचा फोन मागून घेतो. बहुतेक वेळा गॅलरीचा बॅकअप चालू असतो आणि साइटवर काढलेले प्लंबिंगचे व्हिडिओ गुपचूप वर चढत असतात.

खातं भरलं की ड्राइव्ह अडतोच, पण मेल येणंही बंद होतं. समोरच्याची मेल परत जाते आणि ती त्याला कळते, तुम्हाला नाही. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावरचं खातं यातलंच एखादं असेल, तर किती चौकश्या परत गेल्या याचा पत्ताही लागणार नाही.

दुसरं, ज्या खात्यात दोन वर्षं कोणी लॉगिनच केलं नाही ते खातं आतल्या मालासकट काढून टाकायचा नियम गूगलने केलाय. डिसेंबर २०२३पासून तो अमलात आहे. तुमचं तिसरं आणि चौथं खातं शेवटचं कधी उघडलंत? हे उत्तर वाचून झालं की आज रात्रीच पाचही खात्यांत एकेकदा लॉगिन करून या. बाकी सगळं पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल.

लॉगिन करतानाच शेजारी वही ठेवा. साधी, कागदाची. एका पानावर एक खातं: कोणत्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो, रिकव्हरीची मेल कोणती, आत काय आहे, ते खातं अजून कोण वापरतं. नंबरची जागा नीट भरा. बंद झालेल्या सिमला जोडलेलं खातं म्हणजे किल्ली हरवलेलं कपाट. प्रत्येक खात्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खातरजमा) लावा आणि गूगल जे दहा बॅकअप कोड देतं ते छापून पासबुकांच्या पिशवीत ठेवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. फोन हरवला की कोडही त्याच्याबरोबर जातील.

आता मालकीचं. इथे जरा थांबतो, कारण माणसं बुडतात ती इथेच.

एका दवाखान्यात अपॉइंटमेंटची गूगल शीट होती. डॉक्टर, त्यांच्या मिसेस, कंपाउंडर, सगळे रोज उघडत होते. चार वर्षं व्यवस्थित चाललं. ती शीट रिसेप्शनवरच्या मुलीने स्वतःच्या जीमेलवरून बनवली होती. मुलीचं लग्न झालं, ती इंदूरला गेली. काही महिन्यांनी तिचं खातं भरलं, तिने जुनं साफ केलं, त्यात ही शीटही गेली. तिची काहीच चूक नव्हती, तिच्या दृष्टीने तो सोडलेल्या नोकरीचा कचरा होता. दवाखान्याने मला फोन केला तोपर्यंत महिना उलटून गेला होता आणि ड्राइव्हचा ट्रॅश तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो.

‘शेअर्ड विथ मी’मध्ये दिसतंय म्हणजे ते तुमचं नाही. शेजाऱ्याने गॅलरीतून दाखवलेला टीव्ही आहे तो. त्याने बंद केला की तुमचाही बंद. याहून फसवी गोष्ट अशी की फोल्डर तुमचा असला तरी त्यात दुसऱ्याने टाकलेली फाइल त्याच्याच मालकीची राहते, जागाही त्याचीच खाते. तुमच्या ‘प्रोजेक्ट्स’ फोल्डरमध्ये तुमच्या ड्रॉइंगवाल्या मुलाने टाकलेली प्रत्येक फाइल बहुधा त्याची आहे. खात्री करायची तर कॉम्प्युटरवर ड्राइव्ह उघडा, यादीच्या स्वरूपात बघा आणि ‘ओनर’ असा रकाना दिसतो तो वरपासून खालपर्यंत वाचत जा. तिथे ‘मी’च्या जागी दुसऱ्याचं नाव दिसेल त्या फाइली वहीत उतरवा. मालकी बदलायची विनंती त्याच्या खात्यातून तुमच्या मुख्य खात्याला पाठवता येते आणि ती तुम्ही स्वीकारावी लागते. तो मुलगा आज तुमच्याकडे आहे, चहा पीत पीत अर्ध्या तासात होईल. नोकरी सोडून गेल्यावर त्याच कामासाठी आर्जवं करावी लागतात. आणि कॉलेजने दिलेल्या मेल आयडीवरून तो काम करत असेल तर मालकी बदलायला त्या संस्थेची आडकाठी येऊ शकते. मग सरळ कॉपी करून घ्यायची.

म्हणजे मांडणी काय हवी? एक मुख्य खातं. ते कोणा माणसाच्या नावाचं नको, ऑफिसच्या नावाचं हवं. जागा विकत घ्यायची ती फक्त त्याच खात्यावर. तिघांची आपापली खाती राहू देत, पण ती फक्त आत यायची दारं. माल मुख्य खात्यात. तीन माणसांना गूगल वनची, म्हणजे गूगलकडून विकत मिळणारी, जास्तीची जागा पुरते. माणसं बदलत असतील, स्वतःचं डोमेन असेल, तर मात्र गूगल वर्कस्पेसचा, म्हणजे गूगलच्या ऑफिसांसाठीच्या पैसे भरून घ्यायच्या सेवेचा, विचार करा. त्याच्या वरच्या प्लॅनमध्ये शेअर्ड ड्राइव्ह मिळतात आणि तिथल्या फाइली माणसाच्या नव्हे, संस्थेच्या मालकीच्या असतात. दवाखान्याला मी शेवटी तेच लावून दिलं.

‘पैसे भरायचे?’ असं तुमच्या मनात येणार. मान्य. पण एक एस्टिमेट चुकीचं गेलं तर किती जातात, तेही त्याच वहीत लिहून बघा.

गूगल की मायक्रोसॉफ्ट, या वादात मी पडत नाही. मी एस्टिमेटची फाइल बघतो. फाइलच्या नावाच्या शेवटी एक्सएलएसएक्स असेल तर ती साधी, एक्सएलएसएम असेल तर तिच्यात मॅक्रो आहेत. ते मॅक्रो गूगल शीट्समध्ये चालत नाहीत आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येही चालत नाहीत, त्यांना कॉम्प्युटरवरचं एक्सेल लागतं. तुमची सहा-सात वर्षांची एस्टिमेट्स त्यावर उभी असतील तर मायक्रोसॉफ्ट ३६५चा बिझनेस प्लॅन घ्या, त्यात माणशी १ टीबी जागा येते आणि गूगलला मेलपुरतं ठेवा. मात्र त्यातला एक्सेल कॉम्प्युटरवर चढवता येणारा प्लॅन बघून घ्या, सगळ्यात खालच्या प्लॅनमध्ये फक्त ब्राउझरवालं मिळतं. मॅक्रो नसतील तर सगळं गूगलवर आणा. दोन्हीकडे अर्धं अर्धं ठेवू नका, एवढंच.

आणि ते तीन आकडे कुठून आले असावेत हे मी न बघता सांगतो. मूळ एक्सेल लॅपटॉपवर. ती कोणीतरी ड्राइव्हवर चढवली आणि ‘सेव्ह अ‍ॅज गूगल शीट्स’ केलं. तिथे एकाची दुसरी फाइल झाली. नाव तेच, पण नव्या फाइलच्या नावाशेजारी एक्सएलएसएक्सची छोटी चिठ्ठी नसते, हाच काय तो फरक. मग कोणीतरी साइटवरून म्हणालं ‘व्हॉट्सअ‍ॅप कर’, आणि तिसरी प्रत कोणाच्या तरी डाउनलोड्समध्ये जाऊन बसली. पुढे प्लायचा भाव वाढला तेव्हा प्रत्येकाने आपापल्या समोरची फाइल बदलली. यावर माझा नियम साधा आहे: काम करायची फाइल एकच आणि ती शेअर करायची, पाठवायची नाही. गिऱ्हाइकाला जाते ती पीडीएफ, नावात तारीख वर्षापासून सुरू करून, म्हणजे २०२५-०४-१५ अशी. तशी लिहिली की यादी आपोआप क्रमाने लागते. फोल्डर आर्थिक वर्षाचे करा, वहिनी आशीर्वाद देतील.

एक खास आपल्याकडची अडचण. तुम्ही लिहिलंय की गिऱ्हाइकांशी करारनामे मराठीत करता आणि जुने सगळे कृतिदेवमध्ये टाइप केलेले आहेत. ते ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडलेत तर ‘करारनामा’च्या जागी डी-जे-के-जे-यू-के-ई-के अशी इंग्रजी अक्षरं दिसतील. फाइल बिघडलेली नसते. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो आणि तुमच्या कॉम्प्युटरवरचा फॉन्ट गूगल डॉक्समध्ये नसतो. जुने करार वर्डमधून पीडीएफ करून ठेवा, त्यांना हात लावायची गरज नाही. जो नमुना तुम्ही अजून वापरता तो एकदाच युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे मराठीच दिसेल अशा टायपिंगमध्ये, बदलून घ्या आणि आकडे व जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर बहुतेक वेळा तिथेच गचके खातो. युनिकोड केल्याचा दुसरा फायदा म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव मराठीत लिहून ड्राइव्हमध्ये शोधता येतं.

वनड्राइव्हकडे जाताना सांभाळून. विंडोज लावताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलेलो असतो, त्यात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात गेलेले असू शकतात. डेस्कटॉपवरच्या एखाद्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. पत्त्यात वनड्राइव्ह हा शब्द आला तर ती तिथेच राहते आहे. मग वनड्राइव्हची फुकटची ५ जीबी भरली म्हणून वेबसाइटवर जाऊन ‘कचरा’ काढलात तर लॅपटॉपवरूनही तो जाईल. आधी सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा, मग सेटिंगमधून फोल्डरांचा बॅकअप थांबवा, फाइली जागेवर आहेत ना ते बघा आणि मगच वरचं काढा.

पाच खात्यांतला माल एका ठिकाणी आणायचा तो असा. प्रत्येक खात्यातून गूगल टेकआउटने (खात्यातला सगळा माल डाउनलोड करून देणारी गूगलचीच सोय) सगळं उतरवून घ्या, हार्डडिस्कवर. ड्राइव्हचा फोल्डर नुसता पेनड्राइव्हवर ओढून कॉपी करू नका. डॉक्स आणि शीट्सच्या फाइली तिथे दिसतात जीडॉक, जीशीट अशा नावाने, पण त्या म्हणजे नुसत्या पाट्या आहेत, आत मजकूर नसतो. टेकआउट त्यांच्या खऱ्या वर्ड-एक्सेल फाइली करून देतं. हार्डडिस्कवर सगळं आलं, दोन-चार झिपा उघडून पाहिल्या, की मग एकेक खातं मुख्य खात्यात हलवा. रोज एक, घाई नको. रिकामं झालेलं खातं लगेच डिलीट करू नका. बँक, वीजबिल, जीएसटी, कुठे कुठे ती मेल दिलेली असते. तिथल्या मेल मुख्य खात्याकडे वळवा आणि वर्षभर बघा काय काय येतं ते.

तुम्हाला कमांड लिहायचा कंटाळा नसेल तर आरक्लोन नावाचं फुकट साधन आहे, ते एका क्लाउडमधून (ऑनलाइन साठवणीतून) दुसऱ्यात थेट नेतं. मी रोज वापरतो. पण त्यात ‘कॉपी’ वापरा, ‘सिंक’ नाही. सिंक म्हणजे इकडे नसेल ते तिकडून उडव. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आर्किटेक्टकडे रात्री अकरा वाजता मी मूळ म्हणून चुकून रिकामा फोल्डर दिला आणि चहा घेऊन परत येईपर्यंत पलीकडचे चाळीसेक जीबी गायब. ट्रॅशमध्ये होते म्हणून वाचलो. तेव्हापासून आधी ‘ड्राय रन’, म्हणजे काही न बदलता होणारी रंगीत तालीम, चालवल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.

तुम्ही मागितलेली ती एक-खिडकी सॉफ्टवेअरं याच जातीची, फक्त बटणं असलेली. वापरायची तर हलवाहलवीपुरती वापरा. तुम्ही त्यांना पाचही घरांच्या किल्ल्या देता. काम झालं की गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन त्यांची परवानगी काढून घ्या. हे शेवटचं कोणीच करत नाही.

रोजच्या वापरासाठी खिडकी हवीच असेल तर ती तुमच्याकडे आहे. क्रोममध्ये प्रत्येक खात्याचं वेगळं प्रोफाइल करा आणि प्रत्येकाला वेगळा रंग द्या. ऑफिसचं हिरवं, घरचं निळं. एकाच प्रोफाइलमध्ये पाच खाती घुसवली की ड्राइव्हच्या पत्त्यात ‘यू’ या अक्षरानंतर ०, १, २ असे आकडे येतात. तुम्ही ज्या क्रमाने लॉगिन केलं तो तो क्रम. दुसऱ्याने पाठवलेली लिंक शून्य नंबरच्या खात्यात उघडते आणि ‘परवानगी मागा’ असं पान येतं, फाइल खरं तर तुमच्याच दोन नंबरच्या खात्याला दिलेली असते. रंग वेगळे केले की हा घोळ संपतो. कॉम्प्युटरवर फोल्डरसारखं बघायचं असेल तर गूगलचं ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप एकावेळी चार खाती घेतं. वनड्राइव्हचं मात्र एका विंडोजवर वैयक्तिक खातं एकच चालतं.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो: इथे चुकून उडालं की तिथूनही उडतं. महिन्यातून एकदा मुख्य खात्याची प्रत हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क ऑफिसात नको, घरी ठेवा. वहिनी टॅली वापरत असतील तर टॅलीचा चालू डेटा फोल्डर कुठल्याही सिंकमध्ये घालू नका. टॅलीतून बॅकअप घ्यायचा आणि ती फाइल वर चढवायची.

ड्रॉपबॉक्सचं काय करायचं? फुकटात २ जीबी आणि तीन उपकरणं. त्या कॉन्ट्रॅक्टरपुरता असू दे. तिथे काही ठेवायचं नाही, त्याने टाकलेलं ड्रॉइंग त्याच दिवशी मुख्य खात्यात उतरवून घ्यायचं.

राहिला तो गिऱ्हाईक, जो तुमच्या उत्तराची वाट बघतोय. तीन आकड्यांतला बरोबर कोणता याचा काथ्याकूट करू नका. त्याला पाठवलेला कोणता, एवढंच शोधा. जीमेलच्या ‘सेंट’मध्ये, म्हणजे पाठवलेल्या मेलमध्ये, त्याचं नाव टाका, नाही मिळालं तर व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या चॅटमध्ये डॉक्युमेंट्स बघा. तारीख मिळाली की शीटमध्ये फाइल मेन्यूतून व्हर्जन हिस्टरी उघडून त्या दिवशी काय आकडा होता ते ताडून घ्या. पाठवलेला आकडा तुम्हाला परवडत नसेल तर फोन करून भाव वाढल्याचं सांगा. पण जुनं एस्टिमेट म्हणून त्याच्या हातात द्यायचं ते तेच, जे त्याच्याकडे आधीच आहे.